वारा पडेपर्यंत

पहिल्यांदा सरोवराकाठी आठवडाभर राहायला गेलो, तेव्हा मी एक कागद तयार केला होता. सात दिवस, दर दिवसाचे चार रकाने. सकाळी नऊ ते अकरा कयाक ही निमुळती होडी, मग पोहणं, दुपारी तीन ते पाच पुन्हा कयाक आणि पॅडलबोर्ड ही उभ्याने वल्हवायची फळी, सहानंतर आवराआवर. प्रत्येक गोष्टीचं भाडं आधीच भरलेलं, पावत्या एका पाकिटात. घरातल्या प्रत्येकाची आवड विचारून, जीव लावून केलेलं काम होतं ते. तिसऱ्या दिवशी दुपारी लेक पायरीवर बसून ओल्या चपलेचा पट्टा सोडवत म्हणाली, "आई, आज चुकवलं तर चालेल का?" शाळा चुकवतात तसं. तो शब्द मला लागला, अजूनही लागतो.

तरी त्या दुपारी आम्ही गेलो. भाडं भरलेलं होतं ना! ती आणि तिचे बाबा दोघांच्या कयाकमध्ये, मी पॅडलबोर्डवर उभी. काठाशी पाणी अगदी संथ होतं. घरामागे उंच झाडांची रांग होती आणि वारा तिच्या मागून, जमिनीवरून पाण्याकडे येत होता. झाडांच्या आडोशाला पाणी निवांत पडून असतं, तिथून पुढचं काही कळत नाही. पन्नास-साठ मीटर आत गेलो आणि आडोसा संपला. पाठीला वारा लागला, फळी आपसूक पुढे जायला लागली, आणि मला वाटलं आज हात छान बसलाय. मागे वळून पाहिलं तेव्हा घराचं दार नखाएवढं झालं होतं.

फळीवर उभं असलेलं माणूस वाऱ्याच्या लेखी शीडच. मी गुडघ्यांवर बसले, तरी फळी घराकडे सरकेना. शेवटी पालथी पडले, वल्हं छातीखाली दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत राहिले. फळीचं टोक प्रत्येक लाटेवर आपटायचं आणि लाट सरळ तोंडावर यायची. नवऱ्याने कयाक वाऱ्याला तिरकी धरली होती. तो ओरडला, "अगं, सरळ घराकडे नको, त्या उजवीकडच्या खडकांकडे चल!" त्याचं ऐकलं म्हणून काठ लागला. जायला पंधरा मिनिटं लागली होती, यायला दीड तास. फळी घोट्याला दोरीने बांधलेली होती आणि अंगात लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे भीती वाटली तरी प्रसंग निभावला. बोट भाड्याने देणाऱ्याने वाऱ्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. त्याने सांगायला हवं होतं असं माझं आजही ठाम मत आहे. आणि मीही विचारायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी ओले कपडे वाळत घालताना समोर पाहिलं. वारा पडला होता. समोरची टेकडी पाण्यात उलटी उतरली होती आणि दुसऱ्या काठावरून एक होडी इतकी सावकाश निघाली होती की तिच्यामागची रेघ बराच वेळ तशीच राहत होती. पाण्यात उतरावं अशी ती वेळ, आणि माझ्या कागदावर तिच्यापुढे लिहिलं होतं, आवराआवर.

तेव्हापासून मी सुटीची आखणी दुसऱ्या टोकाकडून करते. तळ्याला स्वतःचा दिवस असतो. आधी तो समजून घ्यायचा आणि आपला दिवस त्यात बसवायचा.

तो दिवस घडतो तो उन्हामुळे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, जमिनीला त्या मानाने फारच कमी. म्हणून ऊन चढलं की काठ लवकर तापतो, पाणी मागे राहतं. काठावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा जमिनीकडे येते. दुपारी हा वारा भरात असतो. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा फिरतो. या दोन पाळ्यांच्या मध्ये, पहाटेनंतर आणि सूर्यास्ताच्या आगेमागे, पाणी बहुधा थांबतं. यावर त्या प्रदेशाचा मोठा वारा असतोच, दऱ्या-टेकड्या त्याला वळवतात, आणि आमच्यासारखी वेळ येते. म्हणून गेल्यावर पहिले दोन दिवस मी नुसती पाहते. किती वाजता पाण्यावर पहिली शहारी उठते, कुठल्या कोपऱ्यातून, किती वाजता विरते. मग सकाळ होडीची आणि दुपार सावलीची, हे कुणी न ठरवताच ठरतं. आणि निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणून सोडतो.

घर शोधताना मी आता खोल्यांपासून सुरुवात करत नाही. दारापासून पाण्यापर्यंत किती पावलं आणि मध्ये काय आहे, हा माझा पहिला प्रश्न. पाणी दिसणारं घर आणि पाण्याकाठचं घर यांत फार फरक आहे. मध्ये रस्ता असू शकतो, दुसऱ्याची जमीन असू शकते, साठ पायऱ्यांचा उतार असू शकतो. साठ पायऱ्या पहिल्या दिवशी मजेच्या वाटतात. तिसऱ्या दिवशी वर राहिलेला टॉवेल आणायला कुणी उठत नाही, पाचव्या दिवशी माणसं गॅलरीतूनच तळं बघतात. दाराशी पाणी असेल तर आपण दहा-दहा मिनिटांसाठी दहादा जातो. पाय बुडवून येतो, पुस्तक घेऊन जातो आणि न वाचता परत आणतो. माझ्या मते अशा सुटीचा सगळा जीव या छोट्या खेपांमध्ये असतो, आणि त्या नंतर विकत घेता येत नाहीत. घर घेतानाच घ्याव्या लागतात.

दुसरं, काठाचं तोंड. उपग्रहाच्या नकाशावर तळ्याचा आकार बघायचा आणि त्या ऋतूत वारा कुठून येतो ते विचारायचं. लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर असतं: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतोय, आणि त्याला मोकळं पाणी किती लांबवर मिळतंय. लांबट सरोवराच्या ज्या टोकाकडे वारा वाहतो, तिथल्या घराला दिवसभर लाटा, आणि तळ्यावरचा पालापाचोळा, फेस, शेवाळ सगळं तिथेच येऊन साचतं. एखाद्या छोट्या खाडीसारख्या वळणात घर मिळालं तर ते दिसायला साधं असलं तरी मी घेते. मालकांना विचारते की तळ वाळूचा आहे, गोट्यांचा की चिखलाचा, धक्क्याच्या टोकाशी पाणी किती खोल आहे, लहान मूल कुठून उतरेल. जाहिरातीत झोपायच्या खोल्यांचे वीस फोटो असतात आणि पाण्यात उतरायच्या जागेचा एकही नसतो. मी एकच फोटो मागवते: दारात उभं राहून पाण्याकडे बघून काढलेला. त्या फोटोवर घर ठरतं.

गाद्या, भांडी, गाडी लावायची जागा, आरक्षण रद्द केलं तर पैसे कधी आणि किती परत मिळतील, हे बघावंच लागतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त ओलं वाळत घालायला उन्हातली दोरी आहे का ते विचारा. नसेल तर आठवडाभर घराला दमट वास येतो.

किती दिवस जावं? जमेल तर आठवड्यापेक्षा थोडं जास्त. जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब सुटीवर गेलेल्या नोकरदारांना बरं वाटण्याचा चढ आठव्या दिवसाच्या सुमारास टोकाला पोचलेला दिसला, आणि कामावर परतल्यावर आठवड्याभरात तो ओसरलाही. मला त्यातला आठवा दिवस पटतो, कारण माझे पहिले तीन दिवस नुसते पोचण्यात जातात. अंग आलेलं असतं, डोकं अजून मागे असतं. तेवढे दिवस हातात नसतील तर मी दिवसांची संख्या सोडून देते, पण पहिले दोन दिवस रिकामे ठेवायचं सोडत नाही.

आता भाड्याच्या होड्यांचं. पाच वस्तू एकेक तासासाठी घेण्यापेक्षा एकच होडी सगळ्या मुक्कामासाठी घ्या, असं मी भेटेल त्याला सांगते. तासाच्या भाड्याने घेतलेल्या होडीत घड्याळ बसलेलं असतं. वारा असो, ढग असो, मूल कंटाळलेलं असो, तो तास वसूल करावा लागतो. दाराशी बांधलेली होडी काही मागत नाही. सकाळी सहाला मन झालं तर दोर सोडायचा, नाही झालं तर ती तिथेच हलकी डुलत असते.

एकच घ्यायची तर कुठली? कयाक मला आवडते. हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांकडून आला. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून, एकेका शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने ते ती बनवायचे. अजूनही कयाक अंगावर चढवल्यासारखी वाटते, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बसवते आणि तळं एकदम मोठं होतं. पॅडलबोर्डवरून खालचं पाणी फार सुंदर दिसतं. पण विसाव्यासाठी गेलेल्या दोन माणसांनी वल्ह्यांची साधी होडी घ्यावी. तिच्यात वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. जो काठ सोडला तो सतत समोर दिसत राहतो, आणि त्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर, होडीतलं दुसरं माणूस. कयाकमध्ये दोघंही पुढे बघतात आणि मागच्याचा आवाज पुढच्याच्या पाठीवर आपटून पाण्यात पडतो. होडीत तोंडं समोरासमोर असतात. माझ्या बाबांच्या आजारपणानंतर ते आणि मी असेच एका सकाळी तळ्यावर गेलो होतो. मी वल्हवत होते, ते समोर शाल पांघरून बसले होते. घरात महिनोन्‌महिने न निघालेली गोष्ट त्यांनी वल्ह्याच्या दोन ठोक्यांमध्ये काढली. वल्हं पाण्यातून वर आलं की त्याच्या टोकावरून थेंब गळायचे, पाण्यावर ओळीने कडी उमटायची, आणि ती विरेपर्यंत ते थांबायचे. मग पुढचं वाक्य. ते काय बोलले ते आमच्या दोघांचं आहे.

होडी ताब्यात घ्यायची ती उजेडात. तळाचं बूच घट्ट आहे ना, वल्हं अडकवायच्या कड्या ढिल्या नाहीत ना, आधीचे ओरखडे कुठे आहेत, सगळं बघायचं आणि फोटो काढून ठेवायचा. जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. घालून पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढायचं. हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे, बदलून घ्यायचं, संकोच करायचा नाही. त्यावर छापलेला आकडाही वाचा, जॅकेट किती जोराने वर उचलून धरतं ते तो सांगतो. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यांसाठी, शांत पाण्यात आणि मदत जवळ असेल तेव्हा. पोहता न येणाऱ्याला आणि मुलांना किमान १०० न्यूटनचं. शेवटचा प्रश्न, जो मी त्या वेळी विचारला नव्हता: वाऱ्याने परत येऊ दिलं नाही तर फोन कुणाला करायचा? फोन अर्थात पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला. होडी दुसऱ्या तळ्यावर न्यायची असेल तर धुऊन पूर्ण कोरडी करूनच. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात झेब्रा शिंपला सापडला. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेला तो जीव पुढे कित्येक सरोवरांत पसरला, त्यात छोट्या होड्यांचाही हात होता.

पाण्याच्या गारव्याने पहिल्यांदा मला चकवलं होतं. वरचं हातभर पाणी उबदार आणि पाय सोडले की घोट्यांना एकदम थंड विळखा. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सियसला. थंड प्रदेशांतल्या खोल सरोवरांत उन्हाळ्यात वर ऊब तरंगते, खाली गार जड पाणी बसून राहतं आणि मधल्या पातळ थरात तापमान झपाट्याने उतरतं. तिथलं तळं तापायलाही वेळ लावतं, त्यामुळे सर्वांत मोठा दिवस उलटून गेल्यावर काही आठवड्यांनी पाणी सर्वांत उबदार असतं. पोहायचं असेल तर उन्हाळ्याची शेवटची बाजू धरावी. आणि हवा कितीही गरम असो, धक्क्यावरून थेट उडी नको. गार पाण्यात अंग पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं की संपलं. चालत उतरावं, मानेवर पाणी घ्यावं, श्वास जागेवर येऊ द्यावा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर त्या दिवशी कुणीच उतरू नये, बरोबर कुत्रा असेल तर त्यालाही धरून ठेवावं. त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही.

पाण्यावर करायचा सगळ्यांत आवडता उद्योग आम्हाला फुकट मिळाला. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची नितळता मोजली होती. तबकडी दिसेनाशी होते ती खोली मोजायची, बस्स. सरोवरांचे अभ्यासक अजून तेच करतात. लेकीने डब्याचं पांढरं झाकण घेतलं, मधे भोक पाडून दोरी ओवली, खाली दगड बांधला आणि दोरीला दर हातावर गाठ मारली. रोज सकाळी होडी एकाच जागी न्यायची. झाकण खाली जाताना आधी पांढरं, मग दुधट हिरवं, मग एक हिरवट शंका, आणि मग काही नाही. "गेलं!" ती म्हणायची आणि ओल्या बोटांनी गाठी मोजायची. सात गाठी, सात, साडेसहा. एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी झाकण चौथ्या गाठीलाच गडप झालं. ओढ्याने आणलेली माती, तिचं तिनेच ताडलं. पुढचे तीन दिवस पाणी पुन्हा गाठी-गाठीने निवळत गेलं आणि आम्ही ते निवळणं मोजत होतो. माझ्या जुन्या कागदावर या कामाला रकाना नव्हता.

तळ्याकाठी मला एकाच बाबतीत कडक राहावंसं वाटतं, आणि ती बाब शांततेची आहे. बुडणारं माणूस ओरडत नाही. फ्रान्सेस्को पिया या जीवरक्षकाने हे बारकाईने पाहून मांडलं: तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासालाच सवड नसते, हात हलवून बोलावता येत नाही, दोन्ही हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. हे सगळं वीस ते साठ सेकंदांचं काम. म्हणून मुलं पाण्यात असताना आमच्याकडे एकाचा पहारा असतो, वीस मिनिटांचा, हातात पुस्तक नाही, फोन नाही. पाळी संपली की मोठ्याने सांगायचं, "आता तू," आणि समोरून "हो, मी" आल्याशिवाय उठायचं नाही. सगळेच लक्ष ठेवतात तेव्हा कुणीच ठेवत नाही. पहारा ठरलेला असला की बाकीच्यांना खरोखर डोळे मिटता येतात. ढग गडगडले तर वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं. तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, पाण्यातून बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही.

इंजिनाच्या खेळण्यांबद्दल मला विचारू नका असं म्हणत नाही, उलट विचारा. ज्यांना वेग हवा त्यांनी तो जरूर घ्यावा, पण विसाव्याला जायचं असेल तर इंजिनांना मनाई असलेलं तळं निवडा. जर्मनीतल्या क्योनिगझे या सरोवरावर १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात. एका जागी कड्यासमोर बोट थांबते, नावाडी तुतारी वाजवतो आणि कडा तेच सूर परत देतो. शंभराहून अधिक वर्षं जपलेल्या शांततेमुळे ते ऐकू येतं. हे वाचल्यापासून कुठल्याही तळ्यावर जाण्याआधी मी इंजिनांचे नियम बघते, बाकी सगळं नंतर.

मागच्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. वारा साडेसहाला पडला. होडी दोराला सैल झाली, पाणनिवळ्या धक्क्याच्या खांबांभोवती फिरायला लागल्या. सामान बांधायचं होतं, ते उद्या पहाटे बांधू म्हणून आम्ही दोघी धक्क्यावर पाय सोडून बसलो. सूर्य गेल्यावर पाण्यालगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, आणि त्या दोन थरांमुळे आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा पाण्याकडे येतो, लांबवर जातो. समोरचा काठ अर्धा किलोमीटर तरी असेल. तिकडे कुणीतरी घडीची खुर्ची मिटली, तिचा कट्‌ असा आवाज आमच्या शेजारी वाजल्यासारखा आला. मग एक म्हातारा आवाज काहीतरी म्हणाला आणि एक बाई हसली.

मी लेकीला काही सांगायला लागले तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, हळू," ती कुजबुजली, "त्यांनाही आपलं ऐकू जात असेल."